चार खोटी नावं

६ नोव्हेंबर

आज दुपारी अडीच वाजता माझी मंगनी मोडली. निरोप सरफराजचा नव्हता. त्याच्या मोठ्या बहिणीचा, राहतबाजीचा, अम्मीच्या मोबाईलवर मेसेज: "आम्हाला हे नातं पुढे न्यायचं नाही. तुमच्या घराबद्दल जे कळलं ते तुम्ही आधीच सांगायला हवं होतं. सामान पाठवून देतो." काय कळलं, कोणाकडून कळलं, काही नाही. अम्मीनं सहा वेळा फोन लावला. अक्कलकोटला त्यांच्याकडे कोणी उचलला नाही.

आमच्या घराबद्दल कळण्यासारखं आहे तरी काय? दोन खोल्या, अम्मी आणि मी. अब्बांनी एकतीस वर्षं एसटी चालवली, एकदाही गाडी ठोकली नाही, आणि चार वर्षांपूर्वी वारले. मी सात रस्त्याला ऑनलाइन फॉर्म भरायच्या सेंटरवर बसते. संपलं घर.

कोणीतरी कान भरलेत. कोणी भरले ते मी शोधून काढणार आणि त्याला सोडणार नाही. हे लिहून ठेवते, म्हणजे रडून रडून मऊ पडले तर वाचायला होईल.

८ नोव्हेंबर

सामान आलं. टेम्पोवाल्यानं ताटं, कपडे, मिठाईचे रिकामे डबेसुद्धा ओट्यावर मांडून ठेवले. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. मी एकेक वस्तू आत नेली, कोणाला हात लावू दिला नाही.

संध्याकाळी कमरबी फुफी आली. अब्बांची थोरली बहीण. लग्न होऊन वळसंगला गेली, फुफा गेल्यावर ताबीशला घेऊन शहरात आली, पण जिभेवरचं वळसंग गेलं नाही. घरात आम्ही आमच्या बोलीत बोललो तरी ती आपली गावच्या मराठीतच. आता तिची खानावळ आहे. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात रोज दीडशे डबे जातात, ताबीश टेम्पोनं पोचवतो.

याच ताबीशसाठी तिनं दोन वर्षांपूर्वी माझा हात मागितला होता. मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं की खानावळीत भाकऱ्या थापायला मी बीकॉम केलेलं नाही. तेव्हा फुफी म्हणाली, "बरं पोरी. बगू की कोन न्हेतंय तुला."

आज तिनं जेवणाचा डबा आणला होता. सामानाकडे बघून म्हणाली, "बरं झालं. आदीच कळलं कसली मानसं हायती." मग माझ्याकडे वळून, "खाऊन घे. दोन दिसांत लई वाळलीस."

बरं झालं म्हणाली. मी नीट ऐकलं.

११ नोव्हेंबर

सेंटरवर सकाळीच भांडण. वळसंगचे सिद्धप्पा म्हणून एक म्हातारे आहेत, त्यांना मागच्या आठवड्यात मी एका योजनेची कागदपत्रं सांगितली होती. ती चुकीची निघाली. सातबाऱ्याऐवजी दुसराच उतारा लागत होता. पूर्वी मी सरकारी साइट उघडून, पीडीएफ शोधून, ओळ न ओळ वाचून सांगायचे. त्यात अर्धा तास जातो. आता सरळ एआयला विचारते, तो दोन सेकंदांत यादी देतो, आणि ती बहुतेक वेळा बरोबर असते.

"बाई, दुसऱ्यांदा आलोय मी," सिद्धप्पा म्हणाले. "तुमचं ते मशीन चुकलं तर एसटीचं भाडं मशीन देतंय का?"

मी त्यांच्यावरच ओरडले. मन थाऱ्यावर नव्हतं.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी एआयलाच विचारलं. सगळं टाइप केलं: मंगनी, मेसेज, फुफी, ताबीश, दोन वर्षांपूर्वीचं बोलणं, परवाचं "बरं झालं". कोणी केलं असेल? त्यानं माझ्या दुःखाबद्दल दोन ओळी लिहिल्या, इतकं नीट आजवर कोणी बोललं नाही. मग म्हणाला की नकार मिळालेल्या नातेवाइकाच्या मनात असा राग राहू शकतो आणि मी दिलेली माहिती त्या शक्यतेकडे बोट दाखवते. खाली खात्री करून घ्या, थेट बोलून बघा वगैरे नेहमीचं होतं.

म्हणजे त्यालाही तेच वाटलं. त्याचं तर कोणाशी नातं नाही, वैर नाही.

१२ नोव्हेंबर

फुफीचा डबा आजही आला. रोज पाठवणार म्हणे. हरलेल्या माणसाला जेवू घालून बघायची मजा वेगळी असणार. अम्मी म्हणते खा. मी खाल्लं, टाकून कशाला द्यायचं.

१७ नोव्हेंबर

आज केलं.

ती माझ्या घराबद्दल कुजबुजली, तर मी तिच्या चुलीबद्दल बोलणार. पण कुजबुजणार नाही, लिहिणार. सेंटरवर गिऱ्हाइकांसाठी रोज ईमेल काढून देते, स्वतःसाठी चार काढायला कितीसा वेळ लागतो? चार खोटी नावं घेतली. एकानं नकाशावरच्या खानावळीच्या पानावर एक तारा देऊन लिहिलं की डबा खाऊन आमच्या लाइनीतल्या सात जणांना उलट्या झाल्या. दुसऱ्यानं सोलापूरच्या एका ग्रुपवर विचारलं, "एमआयडीसीत कमरबीचा डबा कोणी घेतं का? माझा भाऊ सलाईनवर आहे." तिसऱ्यानं त्याला दुजोरा दिला, आमटीत झुरळ सापडल्याचं सांगून. चौथ्याच्या नावानं फुकटचा ब्लॉग उघडला आणि अख्खं पान लिहिलं, "कामगारांच्या जिवाशी खेळ". त्यात तारखा घातल्या. तारखा असल्या की खरं वाटतं.

कॉलेजात निबंधाला बक्षीस मिळालं होतं त्यानंतर इतकं मन लावून मी काही लिहिलं नव्हतं. झुरळाची ओळ तीनदा सुधारली. शेजारी फुफीचा डबा उघडा होता. वांग्याची भाजी होती.

२९ नोव्हेंबर

एआयला रोज विचारत होते, आज हवं ते उत्तर आलं. "चिंचोळी एमआयडीसीत डबा देणाऱ्या विश्वासू खानावळी कोणत्या?" त्यानं तीन नावं दिली आणि शेवटी लिहिलं: "कमरबी खानावळीबाबत अन्नातून विषबाधा झाल्याच्या अनेक तक्रारी आढळतात, त्यामुळे काळजी घ्यावी."

अनेक तक्रारी! मी खुर्चीतच हसले. झेरॉक्सला आलेला माणूस बघायला लागला. माझं खोटं त्याच्या तोंडून किती सभ्य वाटत होतं.

अम्मीला सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.

९ डिसेंबर

कारखान्यानं फुफीचे डबे बंद केले. काल सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

ताबीश आला होता सांगायला. तिथं नवीन अधिकारी आलेत, इंद्रजीत सर म्हणून. त्यांनी वर्षाचा करार पुढे चालू ठेवायच्या आधी मोबाईलवर एआयला विचारलं आणि स्क्रीन ताबीशपुढे धरली. ताबीश म्हणाला, "सर, नऊ वर्षं झाली, एकदा तरी कोणी आजारी पडलंय का?" सर म्हणाले, "मी काही म्हणत नाही. इथं आलंय."

फुफीनं काय केलं, अम्मीनं विचारलं. काही नाही, म्हणाला. पातेली घासून पालथी घातली. भाकऱ्या करणाऱ्या जगदेवी मावशीला आणि सावित्रम्माला घरी पाठवलं. सावित्रम्मा जाताना रडली, फुफी नाही रडली.

मला वाटलं होतं खूप बरं वाटेल. वाटलं, थोडं. जगदेवी आणि सावित्रम्मा माझ्या हिशेबात नव्हत्या. पण लढाईत असं होतंच. सुरुवात मी केलेली नाही.

आज डबा आला नाही.

१३ डिसेंबर

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी मला राहवलं नाही. सरफराजला मेसेज टाकला: "ज्यानं तुमचे कान भरले त्याचा हिशेब मी चुकता केला. आता तुम्ही सुखानं राहा." त्याला टोचावं एवढीच इच्छा. पाच मिनिटांत त्याचा फोन.

"यास्मीन, कोणाचा हिशेब? कोण बोललं आमच्याशी?"

"नाटक नको. कमरबी फुफीनं सांगितलं ना तुम्हाला?"

"कोण फुफी? मी ओळखतसुद्धा नाही. आम्हाला कोणीच काही सांगितलेलं नाही. बाजीनं एआयला विचारलं होतं."

"काय विचारलं?"

"तुमच्या घराबद्दल. हल्ली सगळेच विचारतात की. चार लोकांकडे चौकशी करत फिरण्यापेक्षा बरं." मग म्हणाला, "फोटो पाठवतो."

फोटो आला. राहतबाजीचा प्रश्न: "लालसाब नदाफ सोलापूर यांची माहिती द्या." उत्तर: "लालसाब नदाफ हे सोलापूर जिल्ह्यातील असून रेशन धान्याच्या अपहार प्रकरणी त्यांना अटक झाली होती. ते पूर्वी एसटी महामंडळात चालक होते."

माझे अब्बा. धान्यचोर.

मी परत फोन लावला. म्हटलं, हे खोटं आहे, माझे अब्बा रेशनच्या दुकानात रांगेत उभे राहायचे तेवढाच त्यांचा संबंध. तो म्हणाला, "असेलही चूक. पण आता माझं दुसरीकडे ठरलंय." मग म्हणाला, "सॉरी हं."

हं.

१४ डिसेंबर

आज सेंटर उघडल्यावर आधी तेच केलं. एआयला नाही विचारलं. सर्चमध्ये नाव टाकून एकेक पान उघडत गेले, जसं पूर्वी फॉर्मसाठी करायचे. तिसऱ्या पानावर सहा वर्षांपूर्वीची बातमी सापडली. लालसाब हुसेनी नदाफ, वय अडतीस, दुसऱ्याच तालुक्यातला रेशन दुकानदार. माझे अब्बा लालसाब मौलासाब, आणि त्या वर्षी ते एकोणसाठ होते. दुसरीकडे एसटीच्या सत्काराच्या बातमीत अब्बांचं नाव होतं. एआयनं दोन माणसं जोडून एक केला.

अकरा मिनिटं लागली मला. राहतबाजीला अकरा मिनिटं नव्हती.

आणि मला? मला तर फक्त फुफीच्या घरी जाऊन विचारायचं होतं. चालत गेलं तर वीस मिनिटं.

१६ डिसेंबर

नकाशावरचं काढलं. ब्लॉग काढला. ग्रुपवरची पोस्ट काढली, पण तोवर ती कोणीतरी आणखी दोन ग्रुपवर टाकली होती, खाली साठ जणांचे शेरे. कोणी लिहिलंय, "मलाही एकदा पोटात दुखलं होतं." आणि "सावध राहा सोलापूरकर" असल्या एका साइटनं माझा अख्खा लेख उचललाय, तारखांसकट. त्यांना तीन मेल केल्या. उत्तर नाही.

एआयला विचारलं. अजूनही तेच सांगतो: अनेक तक्रारी आढळतात. मी लिहिलं, त्या सगळ्या खोट्या आहेत, मीच लिहिल्या होत्या. त्यानं माफी मागितली, लक्षात आणून दिल्याबद्दल आभार मानले. अम्मीच्या मोबाईलवरून विचारलं तर परत अनेक तक्रारी.

१९ डिसेंबर

फुफी सेंटरवर आली. कधी येत नाही. उन्हातून चालत आली होती, रिक्षा केली नव्हती. समोरच्या स्टुलावर बसली आणि पिशवीतून कागद काढला. माझ्या ब्लॉगची ताबीशनं आधीच काढून ठेवलेली प्रिंट होती.

"यास्मीन, तुला कळतंय ह्यातलं. ह्यो कोन हाय ते मला शोदून दे."

मी कागद हातात घेतला. "कामगारांच्या जिवाशी खेळ".

"शोधून काय करणार?" मी विचारलं.

"त्याच्या दारात जाऊन बसनार. नऊ वरसं झाली, पाटं चारला उटतीया. एका मानसाला ढेकर करपट आली न्हाय. आन ह्यो म्हनतोय झुरळ?" तिचा आवाज चढला नाही. "माज्या आमटीत झुरळ म्हननाऱ्याला मी सोडनार न्हाय, पोरी. मरताना बी त्याला माजी आमटी आटवली पायजे."

मी म्हटलं, बघते. दुसरं काय म्हणणार?

जाताना विचारलं, "जेवतीस का न्हाय? डबा बंद झाला तुजा."

२१ डिसेंबर

सांगितलं. दोन दिवस अन्न गेलं नाही म्हणून सांगितलं, मन मोठं झालं म्हणून नाही. ते उगाच लिहीत नाही.

फुफी अंगणात लसूण सोलत होती. आता कोणासाठी सोलते कोण जाणे. मी उभ्यानंच म्हटलं, "फुफी, ते मी लिहिलं."

"काय लिवलं?"

"झुरळ. उलट्या. चारही नावं माझीच होती."

तिला समजायला वेळ लागला. सोललेली पाकळी बोटात तशीच. मग म्हणाली, "म्हंजी माजा डबा खाऊन लिवलंस?"

मी मान हलवली.

"का?"

मी सगळं सांगितलं. मोबाईल काढून राहतबाजीचा फोटो दाखवला. तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवलं. अपहार म्हणजे काय ते सांगावं लागलं.

"लालसाबला चोर म्हनलं?" ती उठून उभी राहिली. मांडीवरचा लसूण सांडला. "त्येला मी कडंवर घिऊन वाडिवलाय. शाळंत सापडलेली पेन्शिल मास्तरला द्याला दोन मैल माघारी गेलता त्यो." श्वास घेऊन, "आन तुला वाटलं, मी बोलले? माज्या भावाच्या घराबद्दल मी बोलले?"

"तू बरं झालं म्हणालीस."

"मग! बरं न्हाय झालं?"

मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. खाली बसून तिनं लसूण वेचला, सगळा, एकेक पाकळी. मी वेचायला वाकले तर माझा हात बाजूला सारला.

"परवा माज्यासंगं कंपनीत यायचं," ती म्हणाली. "त्या सायबाला तोंडानं सांगायचं. आता जा."

२३ डिसेंबर

इंद्रजीत सर चांगले आहेत. बसायला सांगितलं, पाणी मागवलं. मी सगळं सांगितलं, न रडता. ईमेल दाखवले, पासवर्ड घालून उघडून दाखवले.

त्यांनी ऐकलं आणि मोबाईलवर टाइप केलं. माझ्यासमोर.

"अजून दाखवतंय," ते म्हणाले. "वेगवेगळ्या ठिकाणी तक्रारी आहेत."

"सर, त्या सगळ्या ठिकाणी मीच होते. मी तुमच्यासमोर बसलेय."

"हो, पण तुम्ही दोघी एकमेकींच्या कोण?"

"फुफी. माझी आत्या."

त्यांनी परत टाइप केलं, बराच वेळ. मग वाचून दाखवलं: "पुरवठादाराच्या नातेवाइकांनी तक्रारी मागे घेण्यासाठी पुढे येणं हे दबावाचं लक्षण असू शकतं." माझ्याकडे सहानुभूतीनं बघून म्हणाले, "मॅडम, तुमच्यावर काही दबाव असेल तर मोकळेपणानं सांगा."

मी वेडी होते की ते, कळेना. खोटं लिहिलं तेव्हा काही न विचारता माझ्यावर विश्वास ठेवला. खरं बोलायला आले तर पुरावा मागतात.

दाराशी उभी असलेली फुफी म्हणाली, "सायेब, तुमी कवा खाल्लंय का माजं?"

"मी घरून डबा आणतो, मावशी."

"मग एक डाव खाऊन बगा की."

"आत्ता मीटिंग आहे."

बाहेर आल्यावर फुफी गेटपाशी थांबली. तिथं चहाची टपरी आहे, कडुलिंबाची सावली आहे. जेवणाच्या सुट्टीत कामगार तिथं येऊन बसतात. ती बराच वेळ जागा बघत होती. मग म्हणाली, "उद्या बाराला हितं यायचं. उपाशी ये."

२४ डिसेंबर

गेले. बारा वाजता टेम्पो उभा होता. ताबीश माझ्याकडे बघत नव्हता. लिंबाखाली पोतं अंथरलेलं, शेजारी दोन मोठी पातेली आणि भाकऱ्यांची चळत. जगदेवी मावशीही आली होती. भोंगा झाला आणि माणसं बाहेर पडायला लागली.

"बस," फुफी म्हणाली. मी पोत्यावर बसले. तिनं ताट वाढलं: दोन भाकरी, शेंगाची आमटी, भरीत, कांदा. मग ताठ उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली.

"ही माजी भाची. सख्ख्या भावाची पोरगी. मोबाईलवर हिनंच लिवलंय, कमरबीच्या डब्यानं उलट्या हुत्यात म्हून. आता ही खानार हाय. तुमी बगा."

शंभरेक माणसं. कोणी हसलं. कोणी मोबाईल वर धरला, शूटिंग करायला. मी भाकरी मोडली.

पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. आमटी झणझणीत होती. घरी यायची ती अशी नसायची. मला तिखट सोसत नाही, लहानपणापासून. म्हणजे माझ्यापुरती ती वेगळी काढत होती. दीडशे डब्यांच्या धांदलीत. आज मात्र वेगळी काढली नव्हती.

दोन भाकरी संपल्या. तिनं तिसरी टाकली. मी पाणी मागितलं. दिलं नाही.

"खा."

तिसरी संपली. चौथी टाकली, वर आमटी. मला घाम फुटला होता, कान पेटले होते, पोटातून सगळं वर येत होतं. समोर एवढी माणसं उभी. आत्ता मी ओकले असते तर माझं खोटं खरं झालं असतं. मी दात आवळून बसले आणि गिळत राहिले. फुफी माझ्यासमोर उकिडवी बसली होती, अगदी जवळ, डोळे माझ्या तोंडावर. त्या डोळ्यांत दया नव्हती. ती माझा एकेक घास मोजत होती आणि तो खाली उतरला की तिची मान किंचित हलायची. मी तिचा राग बघत होते आणि मनात म्हणत होते, कर, आणखी कर. मला त्याचा आधार वाटत होता. का ते सांगता येणार नाही.

चौथी संपली. ताट पुसून दाखवलं.

मग शिवयोगी नावाचा एक वयस्क फिटर पुढे आला. "मावशी, पंधरा दिस झालं कँटीनचं खातोय, तोंड आंबलंय. हाय का आजून?"

"हाय की."

तिनं त्याला वाढलं. मग आणखी दोघांना. मग जगदेवी मावशी उठून हात धुऊन वाढायला लागली. किती जण जेवले मी मोजलं नाही, बरेच जण नुसतं बघून निघूनही गेले. वरच्या मजल्यावर इंद्रजीत सरांच्या खिडकीचा पडदा बाजूला होता, ते बघत होते की नाही माहीत नाही. भोंगा झाला, गेट लागलं. एका पातेल्याचा तळ दिसत होता, दुसरं अर्धं उरलं होतं.

पातेली टेम्पोत चढवायला मी हात लावला. या वेळी तिनं सारला नाही.

"फुफी, मला माफ..."

"उद्या बाराला," ती म्हणाली.

"उद्या परत?"

"उद्या, परवा, तेरवा. दीडशे डबे माघारी येईपतूर रोज हितं बसून खायचं."

"अगं पण सेंटरवर कोण बसणार?"

"बसिव की तुज्या त्या मशीनला," ती म्हणाली आणि टेम्पोचं फळकं धाडकन लावलं.